हे पद कोणाचे? : अमेरिकेची जुनी लोकप्रिय गीते आणि त्यांची संदर्भसाधने

वडोदऱ्याच्या आमच्या घरी वाढदिवसाची रीत बरीचशी जुनीच राहिली आहे. पाटाभोवती रांगोळी, निरांजनाचे ताट, औक्षण, मोठ्यांना नमस्कार हे सारे यथासांग होते. त्यानंतर मात्र केक येतो, दिवे मालवले जातात आणि घरातील आबालवृद्ध एका सुरात 'हॅपी बर्थडे टू यू' म्हणतात. मागे नातीच्या वाढदिवसाला आमच्या आत्याबाई पाटाशेजारी बसून हे ऐकत होत्या. त्यांचे वय नव्वदीच्या घरातले आणि कान अजून शाबूत. गाणे संपताच त्यांनी विचारले, "पद सुटसुटीत आहे. कोणाचं रे हे?" घरात त्या दिवशी पंचवीस माणसे होती, त्यांत चांगली शिकलेली दहा-बारा, पण कोणालाच उत्तर देता आले नाही. कोणी म्हणाले, "इंग्रजांचं असेल," तर कोणी म्हणाले, "अशी गाणी कोणाची नसतातच, ती आपोआप होतात."

हे दुसरे उत्तर आम्हाला अस्वस्थ करून गेले. गाणे आपोआप होत नाही. कोणीतरी ते प्रथम रचतो, कोणीतरी त्याला चाल लावतो, कोणीतरी ते दुसऱ्यास शिकवतो. पुढे ते सर्वांचे होते आणि सर्वांचे होताच ज्याचे होते त्याचे नाव गळून पडते. आत्याबाईंच्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. अमेरिकेत गेल्या सव्वाशे वर्षांत काही ग्रंथपालांनी, वकिलांनी, व्यापाऱ्यांनी आणि हौशी संग्राहकांनी नेमक्या या प्रश्नासाठी साधनांची एक मोठी रांग उभी केली आहे. साध्या, गल्लीबोळांत गायिल्या जाणाऱ्या गाण्यांचे जन्मदाखले शोधण्यात या माणसांनी आपली आयुष्ये घालवली. त्या साधनांची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे. त्याबरोबरच अशा साधनांवर विश्वास कोठे ठेवावा आणि कोठे थांबावे, हेही पाहावयाचे आहे.

प्रारंभी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ध्वनिमुद्रिका येण्यापूर्वी अमेरिकेत गाण्याचा व्यापार होता तो कागदाचा. मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात पियानो असे आणि गाणे म्हणजे स्वरलिपीसह छापलेली चार-सहा पाने. त्यास तेथे 'शीट म्युझिक' म्हणतात. आपण त्यास गीतपत्र म्हणू. नाटकशाळेत एखादे गाणे गाजले की त्याचे गीतपत्र दुकानात येई, लोक ते विकत घेत आणि घरी वाजवून गात. त्यामुळे गाण्याच्या इतिहासाचा पहिला साक्षीदार म्हणजे हे पान. परंतु साक्षीदार बोलका असला तरी खरेच बोलतो असे नाही. त्याची उलटतपासणी करावी लागते.

या तपासणीचा पहिला आधार कायद्याने दिला. १८३१ च्या अमेरिकन कायद्याने संगीतरचनेस प्रथमच स्पष्ट शब्दांत प्रताधिकाराचे संरक्षण मिळाले. हक्क राखावयाचा तर छापील पानावर तशी सूचना द्यावी लागे. तीत वर्ष, हक्क सांगणाऱ्याचे नाव आणि ज्या न्यायालयात नोंद झाली त्या जिल्ह्याचे नाव असे. १८७० पर्यंत या नोंदी जिल्हा न्यायालयांच्या कारकुनांच्या वह्यांत विखुरलेल्या होत्या. त्या वर्षी हे सारे काम वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आले आणि १८९१ पासून नोंदींच्या छापील याद्या नियमाने निघू लागल्या. एका देशाने आपल्या गाण्यांची खानेसुमारी चालवावी तसा हा प्रकार आहे. मात्र नवशिक्या अभ्यासकाची पहिली चूक येथेच होते. पानावरचे नाव हक्कदाराचे असते, रचनाकाराचे असेलच असे नाही. पानावरचे वर्ष हक्काच्या नोंदीचे असते, त्या प्रतीच्या छपाईचे नव्हे. शिशाच्या पत्र्यावर कोरलेली तीच पाने प्रकाशक वीस-वीस वर्षे छापीत आणि तळाचे वर्ष तसेच राही. मग प्रत केव्हाची हे ओळखावे कसे? प्रकाशकाच्या दुकानाचा पत्ता पाहावा आणि त्या शहराच्या जुन्या निर्देशिकेत ते दुकान त्या रस्त्यावर कोणत्या वर्षांत होते हे शोधावे. पानाच्या तळाशी असलेला पत्र्याचा क्रमांक पाहावा. मागच्या पानावर त्याच प्रकाशकाच्या इतर गाण्यांची जाहिरात असेल, तर त्यांतील सर्वांत उशिराचे गाणे कोणते हे पाहावे. १८७० मध्ये तेथील संगीतप्रकाशकांच्या संघाने उपलब्ध गीतपत्रांची एक प्रचंड सूची छापली होती. दुकानदारांसाठी काढलेली ती सूची आज संशोधकांना उपयोगी पडते.

या शास्त्राचा पाया घालणारा पुरुष म्हणजे ऑस्कर सोनेक. यांचा जन्म १८७३ चा, शिक्षण बरेचसे जर्मनीत झालेले. १९०२ मध्ये ते लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संगीत विभागाचे पहिले प्रमुख झाले. अमेरिकेला स्वतःचे संगीत नाही, जे आहे ते युरोपातून आणलेले आहे, असे म्हणण्याची तेव्हा फॅशन होती. सोनेक यांनी वाद घातला नाही. जुनी वर्तमानपत्रे, जाहिराती आणि छापील पाने चाळून १९०५ मध्ये अठराव्या शतकातील अमेरिकन लौकिक संगीताची सूची प्रसिद्ध केली. पुढे १९४५ मध्ये विल्यम ट्रीट अप्टन यांनी ती वाढवून सुधारली आणि १९६४ मध्ये रिचर्ड वुल्फ यांनी १८०१ ते १८२५ या काळाची सूची तीन खंडांत पूर्ण केली. एकाने सुरू केलेले काम दुसऱ्याने, दुसऱ्याचे तिसऱ्याने पुढे न्यावे अशी ही परंपरा आहे.

सोनेक यांचे दुसरे काम अधिक धाडसाचे होते. १९०९ मध्ये त्यांनी 'यँकी डूडल', 'द स्टार-स्पँगल्ड बॅनर', 'हेल कोलंबिया' आणि 'अमेरिका' या देशभक्तिपर गीतांवर सरकारी अहवाल लिहिला. या गीतांच्या जन्माच्या सुरस कथा घरोघरी प्रचलित होत्या. सोनेक यांनी प्रत्येक कथेस एकच प्रश्न विचारला: हिचा पहिला लेखी पुरावा कोणत्या सालचा? 'यँकी डूडल'बाबत अनेक उपपत्ती तपासून त्यांनी बहुतेक निकालात काढल्या आणि मूळ सिद्ध होत नाही असे स्वच्छ लिहून ठेवले. ज्या ग्रंथात 'येथे पुरावा संपतो' असे लिहिण्याची हिंमत आहे, तो ग्रंथ बाकीच्या पानांवरही विश्वासाला पात्र होतो.

'द स्टार-स्पँगल्ड बॅनर'ची हकीकत आमच्या वाचकांस विशेष जवळची वाटेल. १८१४ च्या सप्टेंबरात बाल्टिमोरजवळच्या मॅकहेन्री किल्ल्यावर ब्रिटिश आरमाराने भडिमार केला. तो पाहून फ्रान्सिस स्कॉट की या वकिलाने हे काव्य लिहिले. ते प्रथम छापले गेले ते स्वरलिपीशिवाय, नुसत्या शब्दांच्या पत्रकावर, आणि वर चाल दिली होती लंडनच्या अ‍ॅनाक्रिऑन्टिक सोसायटी नावाच्या मंडळाच्या गीताची. म्हणजे शब्द अमेरिकनाचे आणि चाल जॉन स्टॅफर्ड स्मिथ या इंग्रजाची. तीही मद्य आणि प्रीती यांचे गुणगान करणाऱ्या गीताची! त्याच गीतास १९३१ मध्ये राष्ट्रगीताचा मान मिळाला. किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'च्या जुन्या प्रती ज्यांच्या घरी असतील त्यांनी पदांच्या माथ्यावर 'चाल' म्हणून दिलेली ओळ पाहिली असेलच. ओळखीच्या चालीवर नवे शब्द बसविण्याची ही पद्धत दोन्हीकडे सारखीच होती. अमेरिकेत अशा शब्दांच्या खिशात मावणाऱ्या पुस्तिका निघत, त्यांना 'साँगस्टर' म्हणत. सुटी पत्रकेही रस्त्यावर पैशा-दोन पैशांना विकली जात. त्यांत गाण्यावर चालीचे नाव तेवढे असे. लायब्ररी ऑफ काँग्रेसने अशी चार हजारांवर पत्रके जपली आहेत. हे कागद जपण्यासारखे आहेत असे त्या काळी क्वचितच कोणास वाटले असेल.

सोनेक ग्रंथपाल होते, तर जेम्स फुल्ड हे न्यूयॉर्कचे वकील. दिवसा वकिली करावी आणि उरलेल्या वेळात जुनी गीतपत्रे शोधावीत असा त्यांचा क्रम. १९६६ मध्ये त्यांचा 'द बुक ऑफ वर्ल्ड-फेमस म्युझिक' हा ग्रंथ निघाला आणि पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्या २००० पर्यंत निघत राहिल्या. सुमारे एक हजार प्रसिद्ध चालींची यात नोंद आहे. प्रत्येक नोंदीत चालीचे पहिले स्वर, ती प्रथम कोठे व केव्हा छापली गेली, पहिली प्रत कशी ओळखावी आणि रचनाकार कोण, याची काटेकोर माहिती मिळते. वकिली नजर अशी की क्षुल्लक दिसणारी खूणही सुटत नाही. 'द स्टार-स्पँगल्ड बॅनर'चे स्वरलिपीसह पहिले गीतपत्र बाल्टिमोरच्या थॉमस कार यांनी १८१४ मध्येच काढले. त्याच्या पहिल्या प्रतींत 'पॅट्रिऑटिक' या शब्दातील एक 'टी' गळून 'पॅरिऑटिक' असे छापले गेले आहे. घाईत झालेली ही मुद्रणाची चूक आज पहिल्या प्रतीची खात्रीची खूण ठरली आहे. फुल्ड २००८ मध्ये वारले. त्यांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे.

आता पानावरच्या नावाकडे वळू. स्टीफन फॉस्टर (१८२६–१८६४) हा अमेरिकेचा एकोणिसाव्या शतकातील सर्वांत लोकप्रिय गीतकार. त्याचे 'ओल्ड फोक्स अ‍ॅट होम' हे गीत १८५१ मध्ये न्यूयॉर्कच्या फर्थ, पाँड आणि कंपनीने प्रसिद्ध केले. पण मुखपृष्ठावर रचनाकार म्हणून नाव छापले गेले ते ई. पी. क्रिस्टी याचे. क्रिस्टी हा 'मिन्स्ट्रेल' मंडळीचा मालक. ही मंडळी म्हणजे तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीय गुलामांची नक्कल करणारे गोरे नट. फॉस्टरने थोड्या पैशांच्या मोबदल्यात आपले नाव क्रिस्टीला देऊन टाकले होते, कारण असल्या गीतांशी नाव जोडले गेले तर आपल्या इतर रचनांना कमीपणा येईल अशी त्याला भीती वाटे. गीत अफाट गाजले. १८५२ च्या मे महिन्यात त्याने क्रिस्टीला पत्र लिहून आपले नाव परत छापण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. विक्रीतला वाटा फॉस्टरला मिळत राहिला, पण प्रताधिकाराची पहिली मुदत १८७९ मध्ये संपेपर्यंत मुखपृष्ठावर क्रिस्टीच राहिला. तोवर फॉस्टरला जाऊन पंधरा वर्षे झाली होती. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक रुग्णालयात तो वारला तेव्हा त्याच्या पाकिटात अडतीस सेंट निघाले.

नुसत्या मुखपृष्ठावर विसंबून कोणी सूची केली असती, तर हे गीत आजही क्रिस्टीच्या नावावर राहिले असते. ते राहिले नाही, कारण पत्रव्यवहार, प्रकाशकाचा हिशेब आणि कवीची कच्ची वही शिल्लक राहिली. इंडियानापोलिसचे औषध-कारखानदार जोसाया किर्बी लिली यांनी १९३० च्या सुमारास फॉस्टरचे मिळेल ते कागद जमविण्यास आरंभ केला आणि तो सारा संग्रह १९३७ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठास दिला. फॉस्टरची ती वही तेथे पाहावयास मिळते. तीत या गीतातील नदीचे नाव आधी 'पीडी' असे लिहिलेले असून ते खोडून दुसरे नाव घातले आहे. ते दुसरे नाव फ्लॉरिडातील सुवानी नदीचे, आणि ती नदी कवीने कधी पाहिलीही नव्हती. पुढे त्याच फ्लॉरिडाने १९३५ मध्ये हे गीत आपले राज्यगीत म्हणून स्वीकारले.

अशा संग्राहकांत आम्हाला विशेष आदर वाटतो तो बाल्टिमोरच्या लेस्टर लेव्ही (१८९६–१९८९) यांच्याविषयी. घराण्याचा धंदा गवती टोप्यांचा, छंद गीतपत्रांचा. १७८० पासूनची अमेरिकन गीतपत्रे त्यांनी जमविली, त्यांवर पुस्तके लिहिली आणि १९७६ मध्ये सुमारे तीस हजार गीतपत्रांचा तो ठेवा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाकडे सोपविला. पुढे विद्यापीठाने त्यांच्या प्रतिमा तयार करून त्या सर्वांना खुल्या केल्या. ड्यूक विद्यापीठाने १८५० ते १९२० या काळातील तीन हजारांवर गीतपत्रे अशीच खुली केली, आणि ब्राउन विद्यापीठाने कृष्णवर्णीयांशी संबंधित गीतपत्रांचा वेगळा संग्रह मांडला. यांतील पुष्कळ मुखपृष्ठे पाहवत नाहीत, इतकी ती कृष्णवर्णीयांची कुचेष्टा करणारी आहेत. पण ग्रंथपालांनी ती दडविली नाहीत, आणि ते योग्यच झाले. समाज काय गात होता आणि कोणाला हसत होता, हे लपवून इतिहास होत नाही.

आता समजा, गाण्याचे नाव ठाऊक आहे पण ते कोणत्या पुस्तकात आहे ते ठाऊक नाही. त्यासाठी सूचींच्याही सूची आहेत. मिनी अर्ल सीअर्स यांनी १९२६ मध्ये 'साँग इंडेक्स' काढला. १७७ गीतसंग्रहांतील १२,००० गाणी नाव, पहिली ओळ, कवी आणि संगीतकार यांच्या आधारे त्यात शोधता येतात. १९३४ मध्ये त्याची पुरवणी आली. ज्युलियस मॅटफेल्ड यांच्या 'व्हरायटी म्युझिक कॅव्हलकेड' मध्ये (१९५२) वर्षवार गाणी दिली असून त्या त्या वर्षीच्या घडामोडीही सोबत आहेत. सिग्मंड स्पेथ यांना लोक 'सुरांचा गुप्तहेर' म्हणत. रेडिओवर ते नव्या गाण्याची जुनी चाल पकडून दाखवीत. त्यांचा अमेरिकन लोकप्रिय संगीताचा इतिहास १९४८ चा. आणि जे गाणे छापलेच गेले नाही, तोंडोतोंडी चालत आले, त्याचे काय? एकच गाणे डोंगरापलीकडे गेले की नाव बदलते, कडवी बदलतात. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस चाइल्ड यांनी इंग्लिश आणि स्कॉटिश कथागीतांना १ ते ३०५ असे क्रमांक दिले, कारण अमेरिकेत गेलेल्या गीतांचे मूळही तेथेच सापडते. पुढे इंग्लंडच्या स्टीव्ह राउड यांनी १९७० च्या दशकात साध्या कार्डांवर सुरू केलेली सूची आज या विषयाची मुख्य किल्ली झाली आहे. 'बार्बरा अ‍ॅलन' हे गीत कोणत्याही नावाने व कोणत्याही गावी मिळो, चाइल्ड यांच्या यादीत ते ८४ आणि राउड यांच्या यादीत ५४. गावोगावच्या पाठभेदांना एकाच क्रमांकाखाली आणण्याची ही युक्ती आपल्या ओव्या आणि भोंडल्याच्या गाण्यांनाही लागू पडेल, असे आम्हास वाटते.

कागद जेथे थांबतो तेथे आवाज पुढे येतो. १९२८ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने लोकगीतांचे संग्रहालय सुरू केले. १९३३ च्या जुलैत जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा अ‍ॅलन ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन लुईझियानातील अँगोलाच्या तुरुंगात गेले. तेथे हडी लेडबेटर, ऊर्फ लेडबेली, या कृष्णवर्णीय कैद्याने त्यांना 'आयरीन' हे गीत ऐकविले. १९४९ च्या डिसेंबरात लेडबेली वारला आणि पुढच्याच वर्षी 'द वीव्हर्स' या मंडळीच्या आवाजात तेच गीत देशभर गाजले. रचनाकार म्हणून लेडबेटर आणि लोमॅक्स यांची नावे लागली. लेडबेली स्वतः मात्र सांगे की हे गाणे आपण काकांकडून ऐकले. मग काकांनी कोणाकडून? त्याच्या चरित्रकारांनी जुन्या नोंदी चाळल्या तेव्हा १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेले 'आयरीन, गुड नाइट' हे गीत पुढे आले. कवी गसी डेव्हिस (१८६३–१८९९), सिनसिनाटीचा कृष्णवर्णीय गीतकार. वर्णामुळे संगीत महाविद्यालयात प्रवेश नाकारला गेला, म्हणून तेथेच झाडलोट करून त्या बदल्यात त्याने शिकवणी मिळविली होती. लेडबेलीचे गीत त्याची नक्कल नव्हे. दोन पिढ्यांच्या तोंडी ते पुष्कळ बदलले होते. तरीही ज्या गाण्यास सारे 'लोकांचे' म्हणत होते, त्याच्या मुळाशी बहुधा नावागावाचा एक माणूस होता, आणि तो सापडला तो तुरुंगातला आवाज आणि जुनी छापील नोंद शेजारी ठेवल्यामुळे.

व्यापारी ध्वनिमुद्रिकांचीही अशीच दप्तरे आहेत. प्रत्येक तबकडीवर, मधल्या कागदाजवळ, एक क्रमांक कोरलेला असतो. त्यावरून मुद्रणाचा दिवस, गायक आणि ठिकाण शोधता येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील विभागाने अमेरिकन तबकड्यांची मोठी सूची केली असून मेणाच्या नळकांड्यांवरील मुद्रणेही ऐकण्यास खुली केली आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ मध्ये व्हिक्टर कंपनीची दहा हजारांवर जुनी मुद्रणे अशीच खुली केली. २०१८ च्या कायद्यामुळे १९२३ पूर्वीची ध्वनिमुद्रणे १ जानेवारी २०२२ पासून तेथे सर्वांच्या मालकीची झाली. या विद्येचा धागा आपल्यापर्यंत येतो. १९०२ मध्ये कलकत्त्यास येऊन गौहरजानचे गाणे मुद्रित करणारा फ्रेड गाइसबर्ग हा वॉशिंग्टनचा अमेरिकनच. त्याच्या मोहिमेपासूनच्या भारतीय तबकड्यांच्या सूची मायकेल किनियर यांनी याच क्रमांकांच्या आधारे केल्या, आणि मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या तबकडी-संग्राहकांच्या संस्थेने आपल्या पत्रिकेतून हे काम चालविले. ज्यांच्या माळ्यावर नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्या असतील, त्यांनी त्या विकण्यापूर्वी हे क्रमांक तरी उतरवून ठेवावेत.

एक इशाराही द्यावयास हवा. जाडजूड आणि आकड्यांनी भरलेला ग्रंथ खरा असतोच असे नाही. १९८६ मध्ये जोएल व्हिटबर्न यांचे 'पॉप मेमरीज' हे पुस्तक निघाले. १८९० पासून कोणती ध्वनिमुद्रिका कितव्या क्रमांकावर होती हे त्यात आठवड्याच्या हिशेबाने दिले आहे. परंतु 'बिलबोर्ड' या साप्ताहिकाने तबकड्यांच्या विक्रीची देशव्यापी क्रमवारी प्रथम छापली ती १९४० च्या जुलैमध्ये. त्यापूर्वी अशी क्रमवारीच नव्हती! मिळतील त्या तुटक आधारांवरून हे जुने क्रमांक नंतर रचले गेले. टिम ब्रुक्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी ही गोष्ट दाखवून दिली, तरी ते आकडे एका लेखातून दुसऱ्यात उतरत राहिले. १९४० नंतरच्या काळासाठी व्हिटबर्न यांचे काम मोलाचे आहे. आधीच्या काळासाठी ते पुरावा नव्हे. सोनेक यांचा 'येथे पुरावा संपतो' हा बाणा अशा वेळी आठवतो.

आता आत्याबाईंच्या प्रश्नाकडे येतो. 'हॅपी बर्थडे'ची चाल मूळची 'गुड मॉर्निंग टू ऑल' या बालगीताची. ते केंटकी राज्यातील लुईव्हिल गावच्या दोन बहिणींनी रचले: चाल मिल्ड्रेड हिल यांची, शब्द पॅटी हिल यांचे. पॅटी बालवाडीच्या शिक्षिका होत्या. १८९३ मध्ये शिकागोच्या क्लेटन समी यांनी ते त्यांच्या बालगीतसंग्रहात छापले. वाढदिवसाचे शब्द त्या चालीवर पुढे रुळले आणि निरनिराळ्या गीतसंग्रहांत छापले जाऊ लागले. १९३५ मध्ये समी यांच्या नावाच्या कंपनीने या गीताचा हक्क नोंदविला. कंपन्या विकल्या गेल्या, हक्क हातोहात फिरला आणि १९८८ मध्ये तो वॉर्नर-चॅपेल या कंपनीकडे आला. चित्रपटात वा नाटकात हे गीत म्हणावयाचे तर पैसे भरावे लागत. जगातील बहुधा सर्वांत अधिक गायिले जाणारे हे गीत विकत घ्यावे लागत होते, आणि दोघी बहिणींची नावे फारशी कोणास ठाऊक नव्हती.

फुल्ड यांच्या ग्रंथात या गीताची नोंद होतीच. रॉबर्ट ब्राउनाइस या कायद्याच्या प्राध्यापकाने जुन्या नोंदी, खटल्यांचे कागद आणि गीतसंग्रह यांची छाननी करून हा हक्क बहुधा टिकणारा नाही असे दाखविले आणि आपली शेकडो कागदपत्रे सर्वांपुढे मांडली. २०१३ मध्ये जेनिफर नेल्सन या चित्रपटकर्तीने दावा लावला. या गीतावरील माहितीपटासाठी तिला दीड हजार डॉलर भरावे लागले होते. दावा चालू असता १९२२ चे एक शालेय गीतसंग्रहाचे पुस्तक पुढे आले. त्यात वाढदिवसाचे हे शब्द प्रताधिकाराच्या सूचनेशिवाय छापलेले होते. २२ सप्टेंबर २०१५ रोजी न्यायाधीश जॉर्ज किंग यांनी निकाल दिला तो आणखी मूलभूत मुद्द्यावर: हिल भगिनींनी या शब्दांचा हक्क समी कंपनीस कधी दिल्याचा पुरावाच नाही, १९३५ ची नोंद पियानोच्या विशिष्ट रचनेपुरती. २०१६ मध्ये कंपनीने एक कोटी चाळीस लाख डॉलर परत करण्याचे मान्य केले आणि गीत सर्वांचे झाले. ऐंशी वर्षे ज्या नोंदीला कोणी हात लावला नव्हता, ती नोंद नेमके काय म्हणते हे मुळातून वाचले गेले, एवढेच घडले.

हे सारे आम्ही आत्याबाईंना थोडक्यात सांगितले. त्यांना कंपनी आणि कोर्ट यांत रस नव्हता. "म्हणजे बालवाडीच्या बाईंचं पद," एवढे म्हणून त्या समाधान पावल्या. मग त्यांनी आपल्या ट्रंकेतून एक वही काढावयास लावली. ग्वाल्हेरहून लग्न होऊन येताना त्यांनी ती आणली होती. तीत चाळीसएक पदे, आरत्या, मंगलाष्टके, डोहाळ्याची गाणी आहेत. काहींवर 'चाल' लिहिली आहे. रचणाऱ्याचे नाव क्वचितच. आपल्या जुन्या घराण्यांत, मग ती इंदूरची असोत, बेळगावची असोत की हैदराबादची, अशा वह्या अजून असतील. मुलखापासून दूर राहिलेल्या माणसांनी भाषा जपली ती बरीचशी अशाच वह्यांतून. आपल्याकडे गाण्यांसाठी न्यायालयाची नोंदवही नव्हती, पियानोच्या गीतपत्रांचा बाजार नव्हता. आपला पुरावा म्हणजे वही आणि ती वाचू शकणारी, त्यातील चाल म्हणून दाखवू शकणारी माणसे. त्यांतील माणसे फार दिवस थांबणार नाहीत.

आम्ही सध्या दर रविवारी आत्याबाईंजवळ बसतो. प्रत्येक पदासमोर चार गोष्टी लिहितो: पहिली ओळ, चाल, कोणाकडून ऐकले, कोणत्या गावी आणि साधारण कोणत्या साली. जेथे त्यांना आठवत नाही तेथे 'आठवत नाही' असेच लिहितो. आतापर्यंत चौदा पदे झाली आहेत. त्यांतील तीन त्यांच्या आजीने स्वतः रचलेली निघाली. घरात हे कोणालाच ठाऊक नव्हते.